पाच खोल्यांचा गारवा

"यापुढे या घरात कोणालाही घाम येणार नाही," असं एत्तोरे बोर्तोलानने जाहीर केलं आणि घराचा नकाशा दोन्ही तळहातांनी टेबलावर सपाट केला. त्याच क्षणी त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब सुटला आणि बरोबर पाहुण्यांच्या खोलीत पडला. पेन्सिलीची रेघ फुगली. त्याने ती अंगठ्याने पुसली, तेव्हा पाहुण्यांची खोली बाथरूममध्ये शिरली.

समोर बसलेल्या डेलने आपला पेला नकाशापासून लांब सरकवला. डेल एसी बसवणारा. ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलंडच्या उन्हाळ्यात वीस वर्षं लोकांच्या छपराखालून सरपटल्यामुळे त्याला घोषणांचं फारसं काही वाटत नसे. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला एत्तोरेची मुलगी मरीझा होती, टाउन्सव्हिलहून मुद्दाम रजा काढून आलेली. आणि शेगडीपाशी, तिघांकडे पाठ करून, एत्तोरेची बायको पिएरीना रस्सा ढवळत होती. तिच्या फ्रॉकचा निळा रंग दोन खांद्यांच्या मधोमध काळा पडला होता.

हे सगळं तिच्यामुळेच सुरू झालं होतं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ती याच शेगडीपाशी कोसळली. पडण्याआधी तिने गॅस बंद केला होता, ही गोष्ट एत्तोरेने पुढे महिनाभर सगळ्यांना कौतुकाने सांगितली. डॉक्टरला त्याचं कौतुक वाटलं नाही. बहात्तराव्या वर्षी शरीर एवढी उष्णता सोसत नाही, बाईंना गार जागेत ठेवा, पुढच्या वेळी त्या उठतीलच असं नाही, असं तो म्हणाला. मरीझाने बापाला फोनवरून झाडलं. एत्तोरे आठवडाभर गप्प राहिला आणि मग त्याने कपाटातून नकाशा काढला.

नकाशा गावच्या कौन्सिलने मंजूर केलेला होता, आणि घोटाळा तिथेच होता. कारण ते घर डोळ्यांना दोन मजली दिसत असलं तरी दप्तरात एकच मजली होतं. उंच खांबांवर वरचा मजला: तीन झोपायच्या खोल्या, पांढऱ्या फरशांचं स्वयंपाकघर, आणि मोठी बैठक. स्वयंपाकघरातल्या ओव्हनचं माहितीपुस्तक एकतीस वर्षं ओव्हनच्या आतच होतं. बैठकीतल्या सोफ्यावरचं प्लास्टिक दुकानातून आलं तेव्हापासून कोणी काढलं नव्हतं. वर घर होतं. माणसं खाली राहत होती. खांबांच्या मधे एत्तोरेने स्वतः भिंती घातल्या होत्या, फरशी केली होती, शेगडी, फ्रिज, टीव्ही आणि चौदा माणसांचं टेबल आणून ठेवलं होतं. छत हात वर केला तर लागेल इतकं खाली, म्हणून कौन्सिलच्या नियमात ती राहायची खोली होऊ शकत नव्हती. नकाशावर तिथे लिहिलेलं होतं: कोठीची खोली.

हर्बर्ट नदीच्या काठच्या या गावात प्रत्येक इटालियन घराखाली अशी एक कोठी होती आणि प्रत्येक कोठीत एक शेगडी. हातात फाइल घेतलेला माणूस फाटकातून आत आला की एत्तोरे त्याला सांगे, ही आमची कोठीची खोली. आणि मग त्याला कोठीतच बसवून जेवू घाली. आजवर चार तपासनीस येऊन गेले होते. एकाने दोनदा वाढून घेतलं होतं.

"पाचच निघतात," डेल म्हणाला. बाहेर एक मोठं युनिट, त्याला पाच नळ्या, पाच नळ्यांना आत पाच एसी. सहाव्या नळीला तोंडच नाही. तेव्हा कुठल्या पाच जागा ते नीट ठरवा. शुक्रवारी दुपारी मागणी पाठवायची आहे, नंतर बदल होत नाही.

"ठरल्यात," एत्तोरे म्हणाला. वर खोल्याही पाचच होत्या. त्याला हा देवाचा हिशेब वाटला होता.

डेलने एक छापील कागद काढला. प्रत्येक खोलीत दुपारी किती माणसं असतात ते त्याला भरायचं होतं, कारण माणूससुद्धा उष्णता देतो. एत्तोरेला हे पटलं. मग ते एकेक खोली घेत गेले. त्यांची झोपायची खोली: दुपारी कोणी नाही. रेन्झोची खोली: मुलगा पर्थला असतो, एक नाताळ सोडून दुसऱ्याला येतो. पाहुण्यांची खोली: आता तशी ओलीच होती. वरचं स्वयंपाकघर: कोणी नसतं, पण कोणी डोकावलं तर? डेल शून्यं घालत गेला.

"बैठक?"

"चाळीस," एत्तोरे म्हणाला.

मरीझाने बापाकडे पाहिलं. डेलने बापलेकींकडे आळीपाळीने पाहिलं आणि चाळीस लिहिलं. त्या हिशेबाने सगळ्यांत मोठा एसी बैठकीत जाणार होता. मग त्याने पेन्सिलीच्या टोकाने आजूबाजूची हवा दाखवली.

"आणि इथे?"

"ही कोठीची खोली आहे."

डेलच्या तोंडात त्या वेळी कोठीतला तिसरा बटाट्याचा गोळा होता. तो त्याने सावकाश गिळला. त्याची नजर पिएरीनाच्या पाठीवर गेली आणि परत कागदावर आली.

"कोठीत किती माणसं असतात?"

"कोठीत माल असतो," एत्तोरे म्हणाला.

ढवळणारा चमचा थांबला.

"मग मी त्यातलं काय?" पिएरीनाने पाठ न वळवता विचारलं. "बटाटे की कांदे?"

ती पातेलं घेऊन टेबलापाशी आली, डेलला वाढलं, मरीझाला वाढलं आणि पातेलं घेऊन परत गेली. एत्तोरेची ताटली तशीच रिकामी होती. त्याने ती थोडा वेळ पाहिली आणि मग पावाचा तुकडा तोडला.

मरीझा आवाज न चढवता बोलणाऱ्यांपैकी होती, शाळेत शिकवत असल्यामुळे. पण त्या बुधवारी दुपारी तिने बापाला तीनदा विचारलं की डॉक्टर काय म्हणाले होते. एत्तोरेचं म्हणणं असं होतं की म्हणूनच तर झोपायच्या खोलीत एसी येतोय. आईने वर जाऊन पडावं, कोण नको म्हणतंय? आणि स्वयंपाक? स्वयंपाक सकाळी लवकर उरकावा. ती पहाटे पाचला उठते, पापा. मग चारला उठावं. आणि कोठीत एसी लावला तर नळी बाहेरच्या भिंतीवरून जाणार, रस्त्यावरून दिसणार. उद्या कौन्सिलचा माणूस विचारेल, बोर्तोलान, तुझे बटाटे काय आजारी आहेत का?

"वर स्वयंपाक कर म्हण मग तिला."

"वर?" एत्तोरे खरोखरच दचकला. "वरच्या स्वयंपाकघरात?"

मरीझाने गाडीची किल्ली उचलली. दुसऱ्या दिवशी तिची शाळा होती. जाताना तिने आईच्या ओल्या पाठीवर हात ठेवला. पिएरीना म्हणाली, जा तू, अंधार पडायच्या आत पोच. दारात मरीझा वळून बापाला म्हणाली, "पंखा तरी तिच्याकडे कर."

"ज्योत विझते," एत्तोरे म्हणाला.

कोठीत एक उभा पंखा होता. त्याची मान एका वादळाच्या वर्षी अडकली ती कायमची, त्यामुळे तो फिरत नसे; उचलून वळवावा लागे. तो एत्तोरेच्या खुर्चीकडे तोंड करून असे. शेगडीकडे वळवला तर गॅसची ज्योत विझते, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. कोणी करून पाहिलं होतं, ते कोणाला आठवत नव्हतं.

डेल गेल्यावर पिएरीनाने हात पुसले आणि नकाशा उचलला. चष्मा लावून तिने तो बराच वेळ पाहिला. नवऱ्याने प्रत्येक खोलीत एसीचा एक छोटा चौकोन काढला होता, पट्टीने, कोपरे अगदी काटकोनात. बैठकीतला चौकोन सगळ्यांत मोठा. तिने नकाशा होता तसा ठेवला. मग मोरीपाशी जाऊन तिने बकालाची परात उचलली.

बकाला म्हणजे फळीसारखा कडक वाळवलेला, मिठातला मासा. दोन दिवस पाण्यात भिजवायचा, पाणी बदलत राहायचं, मग कांदा, तेल आणि दुधात चार-पाच तास मंद आचेवर ठेवायचा. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या पहिल्या शुक्रवारी बोर्तोलानांच्या घरी बकाला होत असे. चव शुक्रवारी येते. वास बुधवारपासून असतो.

ती परात दोन्ही हातांत धरून जिन्याकडे निघाली. जिना सतरा पायऱ्यांचा होता. प्रत्येक पायरीवर पाणी हिंदकळत होतं.

"कुठे चाललीस?"

"घरात," पिएरीना म्हणाली.

गुरुवारी तिने पातेली नेली. एकदम नाही, एक खेप, मग थोडा वेळ रेलिंगला टेकून उभं राहणं, मग दुसरी खेप. एत्तोरे आपल्या खुर्चीत बसून पाहत होता. पहिल्यांदा त्याला वाटलं, बाईचा राग आहे, दुपारपर्यंत उतरेल. दुपारी त्याला जेवायला हाक आली नाही. त्याने फ्रिज उघडला, चीज खाल्लं आणि फ्रिजचं दार आपटलं. वर ऐकू जावं इतक्या जोराने आपटलं. वरून फक्त कपाट उघडल्याचा आवाज आला. संध्याकाळी तो जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून बराच बोलला. हे घर आपण कसं बांधलं, प्रत्येक फरशी आपण स्वतः कशी बसवली, त्या फरशांच्या सांध्यांतला पांढरा रंग तेलाने कसा पिवळा पडतो आणि मग जन्मात निघत नाही, हे सगळं त्याने सांगितलं. वर परातीतलं पाणी बदललं गेलं.

शुक्रवारी सकाळी आभाळ उतरून उसाच्या शेंड्यांना टेकलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. पावणेदहाच्या सुमाराला एत्तोरे शेडमधून आला आणि जिन्यात असतानाच त्याला वास आला. तो सतरा पायऱ्या चढला. शहात्तराव्या वर्षी इतक्या वेगाने तो फक्त वादळाच्या इशाऱ्याच्या वेळी चढला होता.

वरच्या स्वयंपाकघराच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. पांढऱ्या शेगडीवर मोठं पातेलं फुरफुरत होतं. शेगडीमागच्या फरशांवर तेलाचे बारीक ठिपके उडाले होते, सांध्यांवरसुद्धा. ओव्हनमधलं माहितीपुस्तक ओट्यावर होतं आणि त्यावर चिरलेल्या कांद्याची सालं होती. बैठकीचं दार सताड उघडं होतं.

"हा काय तमाशा आहे?" एत्तोरे ओरडला.

"स्वयंपाक आहे."

"इथे?"

"नकाशात इथेच लिहिलंय. मी वाचलं." तिने चमच्याने पातेल्याच्या कडा सोडवल्या. "कागदावर जे घर आहे, तिथे मी राहतेय."

"खिडक्या उघड! पडद्यांना वास लागेल. सोफ्याला लागेल."

"सोफ्याला प्लास्टिक आहे."

एत्तोरेने खिडकीला हात घातला. एकतीस वर्षांत ती कोणी उघडली नव्हती आणि रंगाने चिकटली होती. त्याने दोनदा जोर लावला. तिसऱ्यांदा त्याने खिडकीच्या चौकटीवर मूठ मारली. मग तो वळला आणि दोन्ही हात पसरून बैठकीच्या दारात उभा राहिला, जणू वासाला तिथेच अडवणार होता.

"या खोलीत माणसं येणार आहेत!"

"कोण माणसं?" पिएरीनाने चमचा ठेवला. "बुधवारपासून विचार करतेय मी. कोण चाळीस? मरीझाच्या लग्नाला आली होती चाळीस माणसं. तीसुद्धा खालीच जेवली. तूच कोणाला वर येऊ दिलं नाहीस."

एत्तोरेचे हात थोडे खाली आले.

"सांग ना. कोण येणार आहे?"

तो बैठकीकडे वळला. भिंतीवर त्याच्या आईवडिलांचा फोटो होता, खाली काचेचं टेबल, काचेखाली विणलेला रुमाल. बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज चढलेलाच होता, पण बायकोवर नव्हता.

"बेपीच्या घरी काय झालं पाहिलंस ना तू."

बेपी त्यांचा शेजारी. गेल्या फेब्रुवारीत गेला. अंत्यविधीनंतर सगळं गाव त्याच्या घरी बसायला गेलं होतं, त्याच्या वरच्या बैठकीत, अशाच सोफ्यावर.

"अकरा मिनिटं," एत्तोरे म्हणाला. "मी घड्याळ लावून पाहिलं. अकरा मिनिटांत माणसं उठायला लागली. कोणी मान पुसतंय, कोणी प्रार्थनेच्या छापील पत्रिकेने वारा घेतंय. पन्नास वर्षं ऊस तोडला त्या माणसाने, हाताने. गावातलं एक शेत नाही जिथे तो राबला नाही. आणि कोणी त्याची एक गोष्ट पुरी सांगितली नाही. त्याने मगर कशी बांधून आणली ती मी सांगायला लागलो. मगर अजून नदीतच होती, आणि माणसं चपला शोधायला लागली." त्याने खिशातून रुमाल काढला आणि कपाळावर दाबून धरला. "माझ्या वेळी लोकांनी बसावं. एवढंच. नीट बसावं."

पातेल्यात दूध फुरफुरत होतं. पिएरीनाने गॅस बारीक केला. तिचा चेहरा लाल होता, वाफेने, आणि तो मऊ झालेला नव्हता.

"म्हणजे पडले मी," ती म्हणाली, "आणि गारवा तुझ्या मयताला."

"तसं नाही..."

"बसतील ते. का नाही बसणार? एवढा मोठा एसी. तास तास बसतील. मगर पाण्याबाहेर येईल, पुन्हा पाण्यात जाईल." ती सावकाश बोलत होती, एकेक शब्द टेबलावर मांडावा तशी. "मग त्यांना कॉफी लागेल. चाळीस माणसांना. कॉफी कुठे होते, एत्तोरे?"

एत्तोरेने रुमालाची घडी घातली.

"कुठे होते?"

"खाली."

"खाली. कोठीत. तुझ्या मयताच्या दिवशी मी खाली कोठीत चाळीस माणसांची कॉफी करत असेन. आणि पडेन. आणि वर कोणाला ऐकूसुद्धा येणार नाही, कारण वर एसी चालू असेल, आणि गारवा जाऊ नये म्हणून दार लावलेलं असेल."

खाली फाटकात गाडी थांबली. डेलची असावी, शुक्रवार होता. दोघांपैकी कोणी हललं नाही.

"बस," पिएरीना म्हणाली. "जेव."

"आत्ता? दहा वाजलेत."

"बस म्हटलं ना."

तिने ताटली भरली आणि ती बैठकीतल्या काचेच्या टेबलावर, विणलेल्या रुमालाच्या बरोबर वर ठेवली. एत्तोरेने एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा आईवडिलांच्या फोटोकडे. मग तो सोफ्यावर बसला. प्लास्टिक करकरलं. एकतीस वर्षांत तो त्या सोफ्यावर पहिल्यांदाच बसत होता, आणि सोफा त्याला वाटला होता त्यापेक्षा खूप कडक निघाला.

ती समोर उभी राहिली, पदरासारखा खांद्यावर टाकलेला पंचा दोन्ही टोकांनी धरून, आणि तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

एत्तोरे जेवला. बकाला अजून शिजायचा होता, पण चांगला लागत होता, आणि हे त्याला सांगता येत नव्हतं. पहिल्या चार घासांत सदरा पाठीला चिकटला. मग पाठ प्लास्टिकला चिकटली. स्वयंपाकघरातून वाफ येत होती आणि छपराचा पत्रा वरून तापत होता. तो पुढे सरकला तेव्हा गुडघ्यांमागून घामाची धार पोटरीवर उतरली. श्वास घ्यायला हवा होती, पण ती आधीच कोणीतरी वापरलेली वाटत होती. कानशिलात ठोके पडायला लागले. त्याने काटा खाली ठेवला. थोडा वेळ टेबलाच्या काचेवर हात टेकून बसला. मग तो उठला, आणि प्लास्टिकने त्याला सोडताना मोठा आवाज केला.

"नऊ मिनिटं," पिएरीना म्हणाली. "बेपीची खोली बरी होती म्हणायची."

तो दारापर्यंत गेला.

"खाली मी पहाटे पाचपासून असते," ती मागून म्हणाली. "जेवत नव्हे. स्वयंपाक करत."

जिना उतरताना एत्तोरेने रेलिंग धरलं. खाली डेल कोठीत एकटाच बसला होता. नेमका एत्तोरेच्या खुर्चीत, पंख्याच्या समोर, मांडीवर फाइल घेऊन. वरचं सगळं खाली ऐकू येत असे, कारण फरशीच्या खाली फक्त लाकूड होतं. पण डेलने अगदी आत्ताच आल्यासारखा चेहरा केला आणि तो खुर्चीतून उठला. शुक्रवार आहे म्हणाला. बदल काही असेल तर आत्ताच.

एत्तोरेने नकाशा ओढला, पेन्सिल घेतली आणि पट्टी शोधली. पट्टी सापडेना. मग त्याने बैठकीतल्या मोठ्या चौकोनावर हातानेच फुली मारली. ती वाकडी आली. तिथून त्याने एक रेघ खाली आणली, फरशीच्या रेघेतून आरपार, आणि कोठीच्या खोलीत एक चौकोन काढला. पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत तो चौकोनाचे कोपरे गिरवत राहिला.

"हा इथे," तो म्हणाला, आणि आवाज असा होता की हे सगळं डेलनेच बिघडवून ठेवलं असावं. "आणि नळी मागच्या भिंतीने घे. आंब्याच्या मागून. रस्त्यावरून दिसता कामा नये."

डेलने आपला छापील कागद काढला.

"खोलीचं नाव काय लिहू?"

"काय म्हणजे? कोठी. कोठीच लिही."

डेलने कोठी लिहिलं. मग त्याने पेन्सिल पुढच्या रकान्यावर ठेवली आणि थोडं खाकरला.

"माणसं किती?"

जिन्यावर पावलं वाजली. पिएरीना हातात झाकलेलं पातेलं घेऊन उतरत होती. मधल्या पायरीवर ती थांबली. एत्तोरे तिच्याकडे पाठ करून होता.

"एक," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "दिवसभर."

डेलने तसं लिहिलं. कोठी, माणसं एक, दिवसभर. वीस वर्षांत त्याने भरलेल्या कागदांत असा कागद नव्हता. माल टाउन्सव्हिलहून यायला आणि बसायला तीन आठवडे लागतील, एवढंच त्याने सांगितलं. पिएरीनाने त्याला डबा भरून दिला. डबा दोन्ही हातांनी नाकापासून लांब धरून तो गाडीकडे गेला.

एत्तोरे आपल्या खुर्चीत बसला. पंख्याने त्याचा ओला सदरा छातीपासून सुटा केला. त्याने डोळे मिटले. तीन आठवडे, तो म्हणाला, आणि मग त्याने डेलला, टाउन्सव्हिलच्या गोदामाला, कौन्सिलला आणि सोफ्यावरचं प्लास्टिक बनवणाऱ्यांना एकापाठोपाठ एक शिव्या दिल्या. बायकोचं नाव त्यात नव्हतं.

पिएरीनाने पातेलं शेगडीवर ठेवलं. काडी पेटवली, गॅसच्या बटणाला हात लावला आणि मग काडी फुंकून टाकली. ती आली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, चौदाव्या खुर्चीत बसली. त्या वेळी ती सहसा बसत नसे. तिने पंच्याने मान पुसली, मग मनगटं, आणि हात टेबलावर ठेवले.

"गॅस बंद आहे," ती म्हणाली. "पंखा जरा इकडे कर."